पैगंबराची परीक्षा कोणी घ्यायची?

एखादा माणूस उठतो आणि सांगतो, 'परमेश्वर माझ्याशी बोलला आहे, आता तुम्ही माझे ऐका.' ऐकणाऱ्याने काय करावे? हसून सोडून द्यावे, डोळे मिटून मागे जावे, की काही कसोटी लावावी? आणि कसोटी लावायचीच तर ती ठरवायची कोणी? ऐकणाऱ्याने की सांगणाऱ्याने?

हा प्रश्न आपल्याला फार जुन्या काळचा वाटतो. अमेरिकेत मात्र तो एकोणिसाव्या शतकात नव्याने उभा राहिला आणि आजही मिटलेला नाही. ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ नावाच्या चोवीस वर्षांच्या तरुणाने एक चर्च स्थापन केले. देवदूताने दाखविलेल्या सोनेरी पत्र्यांवरून आपण एका प्राचीन ग्रंथाचा अनुवाद केला, असे त्याचे म्हणणे होते. त्या 'बुक ऑफ मॉर्मन'वरून त्याच्या अनुयायांना जग मॉर्मन म्हणू लागले. आज त्यांच्या मुख्य चर्चची सभासदसंख्या पावणेदोन कोटींच्या घरात आहे आणि मुख्यालय युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीत आहे. इतक्या दूरच्या लोकांशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध थोडा आहे. ह्यू फिंडले नावाचा त्यांचा मिशनरी १८५२ साली मुंबईत उतरला होता आणि पुण्यापर्यंत पोचला होता. त्याला फारसे यश आले नाही, पण हा प्रश्न आपल्या दारावर एकदा थाप मारून गेला आहे.

मुसलमान म्हणून माझ्यापुरता नबुव्वतीचा विषय हजरत मुहंमद पैगंबर (स.) यांच्यावर पूर्ण होतो. खत्मे नबुव्वत हा आपल्या ईमानचा भाग आहे. जोसेफ स्मिथ खरा की खोटा, यावर माझा ईमान टांगलेला नाही. पण 'माझ्यापुरते उत्तर ठरले आहे' याचा अर्थ 'विचार करण्याची गरज उरली नाही' असा होत नाही. उलट ज्याचे काही पणाला लागलेले नाही, त्यालाच तराजू सरळ धरता आला पाहिजे. आपण तो सरळ धरतो का, हे आधी पाहू.

उसने दगड

आपल्यातल्या एखाद्या वक्त्यासमोर मॉर्मनांचा विषय काढा. दोन मिनिटांत निकाल लागतो. जोसेफ स्मिथने अनेक बायका केल्या. तो धड शिकलेला नव्हता. त्याने स्वतःचे सैन्य उभारले. धर्माच्या नावावर राज्य करायला निघाला. म्हणून तो खोटा. टाळ्या!

टाळ्या वाजविण्यापूर्वी या दगडांवर कोणाच्या हाताचे ठसे आहेत ते पाहा. बहुपत्नीत्व, निरक्षरता, तलवार, राजसत्ता ही यादी युरोपातल्या पाद्र्यांनी शेकडो वर्षे कोणाविरुद्ध वापरली, हे उर्दू-मराठी वाचणाऱ्या मुसलमानाला सांगायला नको. अमेरिकेत जोसेफ स्मिथ निघाला तेव्हा तिथल्या टीकाकारांना नवे शस्त्र घडवावे लागले नाही. त्यांनी जुनेच काढले. १८३८ साली टॉमस मार्श या त्याच्या फुटून निघालेल्या शिष्याने प्रतिज्ञापत्र केले, त्यात आरोप काय, तर जोसेफ स्वतःला दुसरा मुहंमद म्हणवतो! १९१२ साली ब्रूस किनी या लेखकाने मॉर्मनांविरुद्ध पुस्तक लिहिले, त्याच्या शीर्षकातच त्यांना 'अमेरिकेचा इस्लाम' ठरविले. म्हणजे मॉर्मनांना द्यायची सर्वांत मोठी शिवी कोणती, तर आपले नाव.

आणि आपण तीच यादी उचलून पुन्हा त्यांच्यावर फेकायची? ज्या तर्काने आपल्या नबीवर (स.) अन्याय झाला, तोच तर्क दुसऱ्यावर चालवताना आपल्याला न्याय कसा दिसतो? बायकांची संख्या ही नबुव्वतीची कसोटी नाही, हे आपण पाद्र्यांना सांगत आलो. मग ती मॉर्मनांसाठीही कसोटी नाही. इथे हेही नोंदवायला हवे, की फेब्रुवारी १९७८ मध्ये याच चर्चच्या सर्वोच्च नेतृत्वाने अधिकृत निवेदन काढले आणि हजरत मुहंमद (स.) यांच्यासारख्या थोर धर्मपुरुषांना ईश्वरी प्रकाशाचा अंश मिळाला होता, असे म्हटले. आपल्याला त्यातला 'अंश' अपुरा वाटेल, आणि तसे वाटणे रास्तही आहे. पण तेवढे सौजन्य दाखविणाऱ्याला उसन्या दगडांनी उत्तर देणे आपल्याला शोभत नाही.

तेव्हा जोसेफ स्मिथची आणि त्याच्या वारसांची परीक्षा घ्यायची असेल तर ती त्यांच्याच श्रद्धेतल्या कसोट्यांवर घेऊ. मॉर्मनांच्या आपापसांतल्या वादात, आणि चर्च सोडून गेलेल्यांशी त्यांच्या होणाऱ्या वादात, चार कसोट्या पुन्हा पुन्हा पुढे येतात: भाकीत, अंतःकरणाची साक्ष, फळे आणि पद.

बी.एड.ला मूल्यमापन शिकवताना दोन शब्द घोकून घेतात, सप्रमाणता आणि विश्वसनीयता. जे मोजायचे तेच मोजले गेले पाहिजे, आणि कोणीही मोजले तरी उत्तर तेच आले पाहिजे. वर्गावर उभे राहिल्यावर आणखी दोन गोष्टी आपोआप कळतात. पेपर परीक्षेच्या आधी निघाला पाहिजे आणि त्यात नापास होण्याची सोय असली पाहिजे. जिथे कोणीही काहीही लिहिले तरी पासच होतो, तिथे परीक्षा झाली असे कोणी म्हणत नाही. ही साधी मापे घेऊन चारही कसोट्या पाहू.

भाकीत

सर्वांत जुनी कसोटी तौरेतमधली. परमेश्वराच्या नावाने सांगितलेले घडले नाही, तर ते परमेश्वराने सांगितलेले नव्हते. मॉर्मन प्रचारक इथे अभिमानाने एक उदाहरण देतात. २५ डिसेंबर १८३२ रोजी जोसेफ स्मिथने सांगितले, की साउथ कॅरोलायनाच्या बंडापासून युद्ध पेटेल, उत्तर आणि दक्षिण एकमेकांवर उठतील. हे १८५१ साली छापून आले आणि एप्रिल १८६१ मध्ये त्याच राज्यातल्या फोर्ट सम्टरवर यादवीची पहिली तोफ डागली गेली. टीकाकार म्हणतात, १८३२ च्या शेवटी साउथ कॅरोलायना केंद्राविरुद्ध उघड दंड थोपटून उभीच होती. वर्तमानपत्र वाचणाऱ्या कोणालाही हे सुचले असते. तरीही तटस्थ माणूस म्हणेल, बरेचसे जुळले, गुण द्या.

देऊ. पण मग त्याच वर्षीच्या दुसऱ्या भाकिताचेही गुण मोजा. सप्टेंबर १८३२ मध्ये जोसेफने परमेश्वराच्या नावाने सांगितले, की मिझुरी राज्यातल्या इंडिपेंडन्स इथे, नेमून दिलेल्या जागेवर, याच पिढीत मंदिर उभे राहील. पुढच्याच वर्षी तिथल्या लोकांनी मॉर्मनांना मारहाण करून त्या परगण्यातून हाकलले. ती पिढी संपली, तिच्या नातवंडांची पिढीही संपली, त्या जागेवर ते मंदिर आजही नाही. यावर उत्तर काय? १८४१ सालच्या दुसऱ्या साक्षात्कारात म्हटले गेले, की शत्रूंनी अडथळा आणला तर परमेश्वर ते काम माफ करतो.

अत्याचार खरे होते. त्यांच्या दुःखाची थट्टा करण्याचा हेतू नाही. पण पेपर कसा तपासला जातोय ते पाहा. उत्तर जुळले की ते भाकीत असते. जुळले नाही की ती अटींवर दिलेली आज्ञा होती, आणि अट नंतर कळते. अशा पेपरात नापास कसे व्हायचे?

अंतःकरणाची साक्ष

दुसरी कसोटी मॉर्मनांना सर्वांत प्रिय आहे. त्यांच्या ग्रंथाच्या शेवटच्या प्रकरणात वाचकाला आवाहन आहे: मनापासून, खऱ्या हेतूने परमेश्वराला विचार, आणि पवित्र आत्मा तुला सत्य सांगेल. या आवाहनाचे मोठेपण मी मान्य करते. त्यात पाद्री नाही, दलाल नाही. नांगर धरणाऱ्याने आणि भांडी घासणारीने थेट विचारायचे. स्वतः जोसेफची कहाणीही तशीच सुरू होते. कोणता पंथ खरा हे न कळून चौदा वर्षांचा मुलगा रानात जातो, गुडघे टेकतो आणि विचारतो.

पण ज्याला उत्तर 'नाही' असे आले, त्याचे काय? ज्याला काहीच जाणवले नाही, त्याचे काय? त्याला सांगितले जाते, तुझा हेतू खरा नव्हता, मन तयार नव्हते, पुन्हा विचार. 'हो' आले तर साक्ष, 'नाही' आले तर विचारणाऱ्याचा दोष. म्हणजे विचारायची मुभा आहे, पण उत्तर आधीच छापलेले आहे. शिवाय ही साक्ष एकाच दारी येत नाही. मुख्य चर्चमधून फुटून निघालेल्या, आजही बहुपत्नीत्व पाळणाऱ्या गटांचे लोकही छातीवर हात ठेवून सांगतात, की आमचा नेता खरा पैगंबर असल्याची ग्वाही आम्हाला मिळाली आहे. दोघांच्याही डोळ्यांत पाणी खरेच असते. पण दोन विरुद्ध विधाने त्या पाण्याने खरी होत नाहीत. कोणीही मोजले तरी तेच उत्तर यावे, ही विश्वसनीयतेची अट इथे पाळली जात नाही.

याच प्रकारातला आणखी एक प्रसंग आहे आणि तो आपल्याला विशेष जवळचा वाटेल. नोव्हेंबर १८३१ मध्ये काही शिष्यांना जोसेफच्या साक्षात्कारांची भाषा खटकली. तेव्हा नव्या साक्षात्कारात आव्हान आले, की तुमच्यातल्या सर्वांत शहाण्याने यातल्या सर्वांत लहान वचनासारखे एक वचन रचून दाखवावे. विल्यम मॅक्लेलिन नावाच्या शिक्षकाने प्रयत्न केला आणि तो फसला, असे चर्चचा इतिहास सांगतो. आव्हानाचा हा प्रकार आपल्या ओळखीचा आहे. पण फरक पाहा. आपल्याकडे आव्हान होते ते विरोधकांना, तेही आपल्या भाषेचा गर्व असलेल्या अरबांना. इथे आव्हान शिष्याला, आणि तो नापास झाल्याचा निकाल कळतो तो गुरूच्याच नोंदीतून.

फळे

तिसरी कसोटी इंजीलमधली: झाडाची ओळख फळांवरून होते. इथे मॉर्मनांकडे दाखवायला पुष्कळ आहे. २७ जून १८४४ रोजी इलिनॉयमधल्या कार्थेजच्या तुरुंगात जमावाने जोसेफला गोळ्या घातल्या. त्यानंतर ब्रिगहम यंगने हजारो निर्वासितांना बर्फातून, माळरानांतून पश्चिमेला नेले आणि १८४७ साली वाळवंटात शहर वसविले. दारू नाही, तंबाखू नाही, उत्पन्नाचा दहावा हिस्सा धर्मकार्याला, गरिबासाठी धान्याची कोठारे. जकात देणाऱ्या आणि दारू हराम मानणाऱ्या माणसाला या फळांची गोडी समजावून सांगावी लागत नाही.

पण फळे मोजायची तर टोपली पूर्ण उपडी करा. १८३७ साली ओहायोतल्या कर्टलंडमध्ये जोसेफने काढलेली पतपेढी बुडाली. देशभर मंदी होती हे खरे, पण पैगंबराच्या शब्दावर विसंबून पैसे ठेवणारी कुटुंबे बुडालीच, आणि जवळचे कितीतरी शिष्य सोडून गेले. ११ सप्टेंबर १८५७ रोजी युटातल्या माउंटन मेडोज इथे मॉर्मन सशस्त्र दलाने कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या सुमारे १२० प्रवाशांची कत्तल केली. ही फळे कोणत्या झाडाची, असे विचारले की उत्तर येते, की ती स्थानिक नेत्यांची चूक होती. यंगने तसा हुकूम दिला नव्हता, असे अनेक इतिहासकारही मानतात आणि तसे असेलही. पण मग वाळवंटात शहर वसविणाऱ्या स्थानिक हातांचे श्रेय तेवढे पैगंबराच्या खात्यावर कसे जमा होते?

फळांच्या कसोटीची खरी अडचण जेम्स स्ट्रँगने उघडी पाडली. जोसेफच्या हत्येनंतर या माणसाने सांगितले, की मला देवदूताने नेमले आहे. १८४५ साली त्याने जमिनीतून पितळी पट्ट्या काढून दाखविल्या. खणताना चार साक्षीदार हजर होते. त्या पट्ट्यांचा त्याने अनुवादही केला. देवदूत, पत्रे, साक्षीदार, अनुवाद — जोसेफजवळ जे जे होते ते सगळे याच्याजवळ! जोसेफच्या तीन प्रमुख साक्षीदारांपैकी मार्टिन हॅरिस काही काळ त्याच्या बाजूला गेलाही. उलट ब्रिगहम यंगजवळ नवे पत्रे नव्हते, नवा ग्रंथ नव्हता, संघटना होती. १८५६ साली स्ट्रँग गोळ्यांना बळी पडला, आज त्याचे अनुयायी अगदी थोडे उरले आहेत. यंगचे कोट्यवधी झाले. तेव्हा यंग खरा आणि स्ट्रँग खोटा हे कशावरून ठरले? चमत्काराच्या पुराव्यावरून नक्कीच नाही. जो टिकला तो खरा, असेच शेवटी म्हणावे लागते. टिकणे ही मोठी गोष्ट आहे, पण ते सत्याचे प्रमाणपत्र असेल तर जगात बाकीच्या टिकलेल्या धर्मांनाही तेच प्रमाणपत्र द्यावे लागेल.

पद

आता चौथी कसोटी. तिने बाकीच्या तिघींना गिळले, असे मला वाटते.

चर्च स्थापन होऊन सहा महिनेही झाले नव्हते. हायरम पेज नावाचा शिष्य एका दगडातून आपल्यालाही साक्षात्कार होतात, असे सांगू लागला. हा कोणी उपरा नव्हता. सोनेरी पत्रे आपण पाहिले, अशी साक्ष देणाऱ्या आठ जणांपैकी तो एक होता. आणि दगडातून पाहणे हा प्रकारही परका नव्हता. जोसेफने स्वतः अनुवाद करताना असाच दगड वापरला होता. चर्चने २०१५ साली त्या दगडाचे छायाचित्रही प्रसिद्ध केले. सप्टेंबर १८३० मध्ये जोसेफला साक्षात्कार झाला, की पेजच्या दगडातून आलेले सैतानाचे आहे आणि चर्चसाठी आज्ञा मिळण्याचा अधिकार फक्त जोसेफचा आहे.

जरा थांबून पाहा. पेजची वचने खोटी निघाली म्हणून नाकारली गेली नाहीत. त्याचे मन मलिन होते, त्याची फळे कडू होती, असेही कोणी म्हटले नाही. ती नाकारली गेली कारण पेज त्या पदावर नव्हता. पत्रे पाहिल्याची त्याची साक्ष ग्रंथात छापली जात राहिली. दगडात पाहिल्याची साक्ष सैतानाची ठरली. एकाच माणसाचे डोळे एका ठिकाणी प्रमाण, दुसऱ्या ठिकाणी अप्रमाण. आणि हा निकाल कोणाच्या तोंडून आला? ज्याच्या पदाला धोका होता, त्याच्याच.

तेव्हापासून मॉर्मन श्रद्धेत पैगंबर म्हणजे पदाधिकारी झाला. आज तर क्रम ठरलेला आहे. बारा प्रेषितांत जो सेवाज्येष्ठ, तो अध्यक्ष. आणि जो अध्यक्ष, तो पैगंबर. रसेल नेल्सन २०१८ साली ९३ व्या वर्षी त्या पदावर आले, सप्टेंबर २०२५ मध्ये वारले; त्यानंतर ऑक्टोबरमध्ये डॅलिन ओक्स आले, तेही ९३ व्या वर्षी. सभासद वर्षातून दोनदा अधिवेशनात हात वर करून पाठिंबा देतात. म्हाताऱ्यांची थट्टा करण्याचे कारण नाही, आपल्याकडेही वयाचा मान आहेच. पण सेवाज्येष्ठतेची यादी शिक्षण खात्यातही असते. तिने मुख्याध्यापक ठरतो. पैगंबरही तिनेच ठरावा?

या पदाला दोन कवचे आहेत. पहिले अध्यक्ष विल्फर्ड वुड्रफ यांचे. चर्चचा अध्यक्ष लोकांना आडवाटेला नेणार नाही, तसे परमेश्वर होऊच देणार नाही, असे त्यांनी सांगितले आणि ते आज धर्मग्रंथात छापलेले आहे. १९८० साली एझ्रा टॅफ्ट बेन्सन यांनी आणखी पुढे जाऊन जिवंत पैगंबराचा शब्द मृत पैगंबरांपेक्षा वरचा ठरविला. दुसरे कवच स्वतः जोसेफचे. पैगंबर हा पैगंबर म्हणून बोलतो तेव्हाच पैगंबर असतो, एरवी तो साधा माणूस. दोन्ही वाक्ये सुटी घेतली तर समजण्यासारखी आहेत. एकत्र घेतली की नामी सोय होते. बोललेले टिकले तर पैगंबर बोलला. फसले तर माणूस बोलला. कोण बोलला हे ऐकतानाच कळायला हवे, ते कळते पन्नास-शंभर वर्षांनी!

किंमत कोणी मोजली?

हा शब्दांचा खेळ असता तर त्यावर लेख खर्ची घालण्याची गरज नव्हती. पण त्याची किंमत माणसांनी मोजली आहे.

मॉर्मनांत पौरोहित्य ही निवडक पंडितांची मिरास नाही. बारा वर्षांच्या आसपासच्या मुलापासून प्रत्येक पात्र पुरुषाला ते मिळते. १८३६ साली एलायजा एबल या कृष्णवर्णीयालाही ते मिळाले होते. १८५२ साली ब्रिगहम यंगने मात्र जाहीर केले, की आफ्रिकी वंशाच्या माणसाला ते मिळणार नाही. एबल मिशनरी म्हणून राबला, मंदिरातले सर्वोच्च विधी आपल्याला मिळावेत म्हणून विनवत राहिला आणि ते न मिळताच १८८४ साली वारला. १९४९ साली चर्चच्या नेतृत्वाने लेखी सांगितले, की ही बंदी धोरण नसून परमेश्वराची थेट आज्ञा आहे. जून १९७८ मध्ये अध्यक्ष स्पेन्सर किंबल यांना साक्षात्कार झाला आणि बंदी उठली. डिसेंबर २०१३ मध्ये चर्चने एक निबंध प्रसिद्ध करून, बंदीच्या समर्थनासाठी दिली गेलेली शाप, पूर्वजन्मीची कमी योग्यता वगैरे सगळी कारणे नाकारली.

१२६ वर्षे! कितीतरी माणसे 'परमेश्वराला तुम्ही कमी प्रिय आहात' हे ऐकत जन्मली आणि ऐकत मेली. आता विचारा: १९४९ साली पैगंबर बोलले की माणसे बोलली? माणसे म्हणाल, तर 'थेट आज्ञा' कोणाची होती? पैगंबर म्हणाल, तर २०१३ ला नाकारले काय?

हे जुने झाले, असे वाटेल तर अलीकडचे घ्या. नोव्हेंबर २०१५ मध्ये नियम झाला, की समलिंगी जोडप्यांच्या घरातल्या मुलांना अठरा वर्षांपर्यंत बाप्तिस्मा मिळणार नाही. जानेवारी २०१६ मध्ये नेल्सन यांनी त्याला साक्षात्कार म्हटले. एप्रिल २०१९ मध्ये नियम मागे घेतला गेला, आणि तेही साक्षात्कारानेच. समलिंगी संबंधांविषयी आपल्या धर्माचे मत काय, हा इथे मुद्दाच नाही. मुद्दा हा, की साडेतीन वर्षांत ईश्वराने आधी एक आणि नंतर उलटे सांगितले, असे मानायचे. पण मधल्या काळात ज्या मुलांना दारातून परत पाठविले, त्यांना कोणी काय सांगायचे?

याला त्यांचे एक उत्तर आहे आणि ते भक्कम आहे: पैगंबर हा माणूस असतो, चुकतो. हजरत यूनुस यांची कहाणी सर्वांना ठाऊक आहे. ऑक्टोबर २०१३ च्या अधिवेशनात डीटर उख्टडॉर्फ या नेत्याने व्यासपीठावरून कबूल केले, की चर्चच्या नेत्यांकडून चुका झाल्या आहेत. चांगली गोष्ट आहे. चर्च सोडलेले काही टीकाकार एक चूक दाखवून सगळा डोलारा पाडू पाहतात, तेही मला पटत नाही. जो कधी चुकत नाही तोच पैगंबर, ही कसोटी कोणत्याच धर्माने अशा काटेकोरपणे लावलेली नाही.

पण 'चुका झाल्या' आणि 'ही चूक, या दिवशी, आमच्याकडून झाली' या दोन वाक्यांत फार अंतर आहे. पहिल्या वाक्यात कर्ताच नाही. मराठी व्याकरण शिकवणाऱ्याला हे पटकन दिसते.

१८२८ आणि १८४३

तेव्हा मी एक पाचवी कसोटी मांडते. ती मी बाहेरून आणलेली नाही. मॉर्मनांच्याच ग्रंथात ती दडलेली आहे.

१८२८ साली जोसेफच्या अनुवादाची ११६ पाने हरवली. मार्टिन हॅरिसला ती द्यायची नाहीत, असे उत्तर आधी मिळाले असूनही जोसेफने पुन्हा पुन्हा विचारून परवानगी काढली, आणि पाने गेली. त्यानंतर आलेला साक्षात्कार जोसेफलाच झापतो. तू परमेश्वरापेक्षा माणसांना जास्त घाबरलास, सावध झाला नाहीस तर तुझी देणगी जाईल, असा त्याचा रोख आहे. शंकेखोर म्हणेल, अडचणीतून सुटण्याची ही युक्ती होती. असेल. पण ते बोलणे जोसेफने लपविले नाही, जपले, छापले. आपल्याकडे सूरह अबस वाचताना आपण हेच अनुभवतो. एका अंध माणसाकडे दुर्लक्ष झाले म्हणून नबींना (स.) दिलेली समज चौदाशे वर्षे नमाजमध्ये उघड वाचली जाते. जी वह्य ऐकविणाऱ्याच्याही विरुद्ध जाऊ शकते, तिच्याविषयी ऐकणाऱ्याच्या मनात विश्वास उभा राहतो. स्वतःची तारीफ तर कोणीही लिहून आणील.

आता १८४३ कडे या. १२ जुलै रोजी बहुपत्नीत्वाचा साक्षात्कार कागदावर उतरला. त्यात जोसेफच्या पत्नीचे, एमाचे नाव घेऊन सांगितले आहे, की नवऱ्याला दिलेल्या बायका तिने स्वीकाराव्यात. न मानल्यास तिचा नाश होईल. नवऱ्याच्या अपराधांचा ओझरता उल्लेख आहे, पण तो तिने माफ करावेत म्हणून. पुढे २०१४ साली चर्चने स्वतः मान्य केले, की जोसेफच्या पत्नींची संख्या ३० ते ४० च्या दरम्यान असावी. मी आधीच म्हटले, संख्या ही कसोटी नाही. मला टोचते ते वेगळे आहे. १८२८ मध्ये परमेश्वर जोसेफला रागावतो. १८४३ मध्ये परमेश्वर जोसेफच्या वतीने एमाला रागावतो. पंधरा वर्षांत बोट फिरले.

आणि त्यानंतर ते बोट पदावरच्या माणसाकडे फारसे परत वळलेच नाही. २०१४ साली केट केली या मॉर्मन वकील महिलेने मागणी केली, की स्त्रियांना पौरोहित्य द्यावे का, हे नेत्यांनी परमेश्वराला विचारावे. विचारावे, एवढेच! तिला धर्मत्यागाचा ठपका ठेवून बहिष्कृत करण्यात आले. ज्या धर्माची सुरुवात एका चौदा वर्षांच्या मुलाने रानात जाऊन विचारलेल्या प्रश्नाने झाली, तिथे प्रश्न विचारा म्हणणारीला दार दाखविले गेले. जानेवारी २०१५ मध्ये डॅलिन ओक्स यांनी एका वृत्तपत्राला सांगितले, की माफी मागणे किंवा माफीची अपेक्षा करणे ही या चर्चची परंपरा नाही. तेच ओक्स आज त्यांचे पैगंबर आहेत.

माझे म्हणणे थोडक्यात असे. भाकीत जुळले का, मन भरून आले का, संप्रदाय वाढला का, खुर्चीवर कोण आहे, या चारही प्रश्नांची उत्तरे दावा करणाऱ्याला सोयीप्रमाणे वळवता येतात, आणि मॉर्मनांच्या दोनशे वर्षांच्या इतिहासात ती वळवली गेलेली दिसतात. पाचवा प्रश्न वळवायला अवघड आहे. हा माणूस जे ईश्वराचे म्हणून सांगतो, ते कधी त्याच्या स्वतःविरुद्ध जाते का? आणि त्याच्या शब्दाने दुसऱ्याचे आयुष्य मोडले, तर तो 'हे माझ्यामुळे झाले' असे म्हणतो का? १८२८ चा जोसेफ स्मिथ या प्रश्नापुढे निदान उभा राहू शकतो. त्याचे नाव सांगून नंतर उभी राहिलेली व्यवस्था या प्रश्नापुढे उभीच राहत नाही, बाजूच्या दाराने निघून जाते.

हे वाचून कोणी खूश होऊन म्हणेल, बघा, मॉर्मन कसे उघडे पडले. त्याला माझी विनंती आहे, की तराजू इतक्यात खाली ठेवू नकोस. आपल्याकडे नवा नबी येणार नाही हे खरे. पण 'माझ्या शब्दाला कसोटी लावायची नाही' असे सांगणारी माणसे यायची थांबलेली नाहीत. एलायजा एबल आणि एमा स्मिथ यांच्या जागी कोण उभे आहे, हे प्रत्येकाने आपापल्या वस्तीत पाहावे.